टायरचे प्रामाण्य

एखादी वस्तू विश्वासार्ह आहे असे म्हटले जाते तेव्हा त्या वस्तूविषयी नेमके काय सांगितलेले असते, हा ज्ञानमीमांसेतला, म्हणजे ज्ञान कशाने होते आणि ते खरे केव्हा मानावे याचा विचार करणाऱ्या शास्त्रातला, जुना प्रश्न आहे. भारतीय दर्शनांनी तो मृगजळ, शिंपल्यावर भासलेली चांदी आणि डोंगरावरचा धूर अशा उदाहरणांवर घासून पाहिला, आणि ती उदाहरणे इतकी रुळली की त्यांची एक मर्यादा नजरेआड झाली. मृगजळामागे गेलेला तहानलेला माणूस परत फिरू शकतो, शिंपला उचलणाऱ्याचे फार तर हसे होते. म्हणजे चूक उमगल्यानंतरही चूक करणारा शिल्लक राहतो. चूक उमगणे आणि हानी होणे या दोन्ही गोष्टी जिथे एकाच क्षणी घडतात, तिथे विश्वासाला आधार कोणता, हे पाहायचे तर उदाहरण दुसरे घ्यावे लागते. अमेरिकेच्या महामार्गांवर ट्रकमागे ओढल्या जाणाऱ्या अजस्र कॅम्परांचे टायर हे, विषय कितीही रुक्ष वाटला तरी, तसे उदाहरण आहे.

कॅम्पर म्हणजे चाकांवरचे घर. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परगण्यात आणि त्याच्या आसपास अशी बहुसंख्य घरे बांधली जातात, आणि त्यांतील मोठ्या घरांना इंजिन नसते. ती पिकअप ट्रकने ओढावी लागतात. ‘फिफ्थ व्हील’ नावाच्या प्रकारात जोडणीचा खुंटा ट्रकच्या हौद्यात बसतो आणि घराच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रक पेलतो. उरलेला सगळा भार दोन किंवा तीन आसांवर, म्हणजे चार किंवा सहा टायरांवर पडतो. १२ ते १६ हजार पौंडांच्या अशा घरात स्वयंपाकघर, स्नानगृह, पाण्याच्या टाक्या आणि बाजूला सरकणाऱ्या भिंती असतात, आणि ते घेऊन निवृत्त जोडपी हिवाळ्यात अॅरिझोनाच्या वाळवंटाकडे निघतात. क्वार्ट्‌झसाइटसारख्या छोट्या गावाभोवती जानेवारीत अशा घरांची वस्तीच उभी राहते. बाकीचे कित्येक महिने मात्र तेच घर अंगणात किंवा भाड्याच्या जागेत एकाच ठिकाणी उभे असते, आणि त्याचे टायर उन्हात, न फिरता, तेवढेच ओझे वाहत राहतात.

या स्थितीत टायरचे काय होते हे समजून घेतल्याखेरीज पुढचा तात्त्विक प्रश्न नीट मांडता येत नाही. रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारांचे पट्टे एकावर एक बसवलेले असतात आणि त्यांना धरून ठेवणारे रबर त्यांच्या कडांपाशी सर्वांत जास्त ताण सोसते. ट्रेलरच्या जवळजवळ बसवलेल्या दोन आसांना वळणावर एकाच केंद्राभोवती फिरता येत नाही, म्हणून टायर वळण्याऐवजी आडवे घासले जातात आणि आतले पट्टे एकमेकांवर सरकू पाहतात. गाडी मागे घेताना, अरुंद जागेत वळवताना हा ताण फार वाढतो. त्यात उष्णता मिळाली की पट्ट्यांच्या कडेला बारीक भेगा पडतात, त्या वर्षभर किंवा अधिक काळ आतल्या आत वाढतात, आणि बाहेरची नक्षी मात्र नव्यासारखी दिसत राहते. रबरात मिसळलेली संरक्षक मेणे टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येतात. उभ्या टायरला तेही मिळत नाही. मोटारीचा टायर झिजून मरतो आणि मरण्याआधी तसे दाखवतो, तर ट्रेलरचा टायर पुष्कळदा झिजण्याआधीच म्हातारा होतो. शिवाय फुटणारे चाक चालवणाऱ्याच्या पाठीमागे तीस-चाळीस फुटांवर असते. दोन आसांपैकी एक चाक गेले तरी जड ट्रकच्या सुकाणूला त्याचा धक्का अनेकदा जाणवत नाही, आणि सुटलेल्या रबराच्या पट्टीने घराचा तळ, वायरी, कधी गॅसची नळी फाडल्यावरच मागून येणारा कोणी हात करून ते सांगतो.

आता प्रश्न असा की, असा टायर चांगला आहे हे प्रवासाला निघणाऱ्याला कशावरून कळते. भारतीय परंपरेत या प्रश्नावर प्रामाण्यवाद या नावाने शतकानुशतके वाद चालला. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचा खरेपणा, आणि वाद होता तो खरेपणा ज्ञानाबरोबरच कळतो की दुसऱ्या कशाने तपासल्यावर कळतो याविषयी. नैयायिक परतःप्रामाण्य मानत, म्हणजे ज्ञानाचे खरेपण बाहेरून सिद्ध व्हावे लागते असे म्हणत. पाणी दिसले, तिकडे गेले, ओंजळ भरली, तहान भागली, तेव्हा ते पाणीच होते हे ठरले. या कसोटीला त्यांनी प्रवृत्तिसामर्थ्य म्हटले, म्हणजे ज्ञानाच्या आधारे केलेली कृती फळणे. मीमांसक उलट स्वतःप्रामाण्य मानत. त्यांच्या मते ज्ञान उपजताच खरे धरले जाते आणि ते खोटे ठरवणारे काही पुढे येईपर्यंत खरेच धरावे लागते, कारण प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला मागत गेले तर त्या दाखल्यालाही दाखला लागेल आणि ही साखळी कुठेच थांबणार नाही.

ट्रेलरच्या टायरपुढे हे दोन्ही पक्ष पहिल्या नजरेला लंगडे पडतात. नैयायिकाची कसोटी प्रवास संपल्यावर निकाल देते, पण निकालाची गरज असते ती निघण्याआधी. मीमांसकाचा विश्वास बाधक पुढे येईपर्यंत टिकतो, पण इथे बाधक ज्ञान येते तेच स्फोटाच्या रूपाने. नैयायिकांना ही अडचण ठाऊक होती, आणि त्यांनी तिच्यावर एक उपाय सुचवला होता: परिचयाच्या वस्तूंच्या बाबतीत प्रत्येक वेळी फळाची वाट पाहावी लागत नाही, ही वस्तू पूर्वी फळलेल्या वस्तूच्याच जातीची आहे एवढे पुरते. कॅम्परवाल्यांच्या बोलण्यातला नेहमीचा युक्तिवाद हाच असतो. अमुक कंपनीच्या टायरवर इतकी हजार मैल बिनघोर झाली, म्हणून तीच कंपनी पुन्हा. परंतु जात कशाने ठरते? साइडवॉलवर नाव तेच असले तरी कारखाना बदललेला असू शकतो, रबर दोन उन्हाळे अधिक जुने असते, आणि घरात नवा फ्रीज आलेला असतो.

न्यायदर्शनातली ‘उपाधी’ ही संकल्पना इथे फार नेमकी लागू पडते. दोन गोष्टी नेहमी बरोबर आढळतात असे वाटते, पण त्या बरोबर असण्यामागे तिसरीच अट लपलेली असते, तेव्हा त्या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. अग्नी तिथे धूर हा नियम चुकीचा ठरतो, कारण धुराला ओले सरपण लागते आणि तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही ते नसते. चांगल्या नावाचा टायर तिथे निर्विघ्न प्रवास, या नियमातही अशा अटी दडलेल्या असतात. २३५/८५ आर १६ या एकाच मापाचा हलक्या ट्रकचा टायर ८० पीएसआय हवेच्या दाबावर ३,०४२ पौंड पेलतो असे मानले जाते, आणि त्याच मापाचा, त्याच दाबाचा ट्रेलरचा खास टायर, ज्यावर ‘एसटी’ ही अक्षरे असतात, ३,६४० पौंड पेलतो असे लिहिलेले असते. जवळजवळ ६०० पौंडांची ही वाढ मुख्यतः वेगाच्या बदल्यात मिळालेली आहे. वेगाचे वेगळे चिन्ह नसलेल्या ट्रेलर टायरसाठी परंपरेने ताशी ६५ मैल ही मर्यादा धरली जाते. टेक्सासच्या एका महामार्गावर २०१२ पासून ताशी ८५ मैलांची परवानगी आहे, आणि पाटीवर लिहिलेला वेग टायरला विचारून ठरवलेला नसतो. ताशी ६० मैलांनी जाणाऱ्याचा निर्विघ्न अनुभव ताशी ७५ मैलांनी जाणाऱ्याने उसना घेतला, की उपाधी सुटली आणि नियम कोसळला.

ओझ्याचेही असेच आहे. ७,००० पौंडांच्या आसावर प्रत्येकी ३,५२० पौंड क्षमतेचे दोन टायर ही अमेरिकेत फार प्रचलित जोडणी आहे. बेरीज केली तर आसामागे ४० पौंड, म्हणजे जेमतेम १८ किलो, शिल्लक उरतात. ट्रक काही वजन उचलतो म्हणून कागदावरचा हिशेब सैल होतो हे खरे, पण स्वयंपाकघर आणि सरकती भिंत एकाच बाजूला असली तर चार चाकांवरचा भार सारखा वाटला जात नाही. त्याच टायरमधला दाब ८० वरून ६५ पीएसआयवर आला की त्याची क्षमता सुमारे ३,००० पौंडांवर घसरते, आणि हे घडताना डोळ्यांना काहीच दिसत नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांच्या विवेचनात आहे, आणि ती दाखवली जायला हवी तितकी दाखवली जात नाही. ज्ञान खोटे ठरते ते दोन मार्गांनी, असे कुमारिल मांडतात. एक, त्याच्या विरुद्ध दुसरे ज्ञान होते, जसे जवळ गेल्यावर चांदीऐवजी शिंपला दिसतो. दुसरा मार्ग म्हणजे कारणदोषाचे ज्ञान: ज्या कारणांतून ते ज्ञान उपजले त्यांतच दोष असल्याचे कळते, जसे पाहणाऱ्याला कावीळ झाली आहे हे समजल्यावर त्याला दिसलेला शंखाचा पिवळेपणा, शंख हातात न घेताही, बाद होतो. चर्चेचा झोत बहुधा पहिल्या मार्गावर राहिला, कारण सापाची दोरी होण्यात नाट्य आहे. पण जिथे पहिला मार्ग प्राणघातक आहे तिथे दुसराच काय तो उपलब्ध उरतो. जे फळ एकदाच आणि उशिरा येते, त्याच्या बाबतीत विश्वासाची परीक्षा फळात करता येत नाही, ती कारणांतच करावी लागते. टायर आजवर फुटला नाही हे त्याच्याविषयीचे ज्ञान नव्हे. तो किती जुना, किती दबलेला, किती तापणारा आहे हे ज्ञान होय. साइडवॉलवरच्या डॉट (अमेरिकेच्या परिवहन खात्याची आद्याक्षरे) क्रमांकाचे शेवटचे चार अंक टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला हे सांगतात. ट्रकथांब्यावरच्या काट्यावर आसाचे वजन कळते, आणि प्रत्येक चाकाचे वजन वेगळे करून देणारेही भेटतात. सकाळी टायर थंड असताना गेजने मोजलेला दाब खरा दाब सांगतो. या सर्व क्रिया कंटाळवाण्या आहेत, आणि त्यांपैकी एकीतही अनुभव म्हणून सांगण्यासारखे काही नाही.

इंग्लंडमधील गणिती विल्यम किंग्डन क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ या निबंधात नेमकी हीच गोष्ट नीतीच्या बाजूने मांडली. त्यांनी कल्पिलेला जहाजमालक देशांतराला निघालेल्या कुटुंबांना एका जुन्या, वारंवार डागडुजी झालेल्या जहाजावर चढवतो. त्याच्या मनात शंका येतात, पण जहाज इतक्या सफरी सुखरूप करून आले आहे, आणि देव एवढ्या कुटुंबांना वाऱ्यावर सोडणार नाही, असे म्हणत तो त्या दाबतो आणि शेवटी अगदी मनापासून निश्चिंत होतो. जहाज बुडते, मालकाला विम्याचे पैसे मिळतात. क्लिफर्ड म्हणतात की त्याची श्रद्धा प्रामाणिक होती याने त्याचा अपराध कमी होत नाही, कारण समोर असलेल्या पुराव्यावर तशी श्रद्धा बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि पुढे ते अधिक कठोर विधान करतात, की जहाज सुखरूप पोहोचले असते तरी तो तितकाच अपराधी ठरला असता. हे लिहिणारा माणूस १८७० मध्ये सूर्यग्रहण पाहायला जाताना सिसिलीजवळ स्वतः जहाजफुटीतून वाचला होता, हे ध्यानात घेतले तर उदाहरण निव्वळ पुस्तकी राहत नाही. कुमारिल आणि क्लिफर्ड यांच्यात काळाचे, धर्माचे आणि हेतूचे अंतर प्रचंड आहे. कुमारिलांना वेदांचे प्रामाण्य टिकवायचे होते, तर क्लिफर्ड यांचा रोख धर्मश्रद्धेकडेच होता. तरीही विश्वासाचा दोष त्याच्या उगमात शोधावा, परिणामात नव्हे, या एका मुद्द्यावर ते एकत्र येतात.

क्लिफर्ड यांना अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. जी निवड टाळता येत नाही, जिचे मोल मोठे आहे आणि जी बुद्धीने पुराव्याच्या बळावर सुटत नाही, तिथे श्रद्धेच्या बाजूने कौल देण्याचा माणसाला हक्क आहे, असे जेम्स म्हणतात. या युक्तिवादाचा आधार घेऊन टायरवर श्रद्धा ठेवणाऱ्याची पंचाईत तिसऱ्या अटीत होते, कारण दाब, वजन आणि वय हे प्रश्न बुद्धीने सुटतात, तेही दहा मिनिटांत. पट्ट्यांच्या कडेची आतली भेग मात्र खरोखरच दिसत नाही, आणि सगळे तपासूनही उरलेल्या त्या शंकेपाशी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या नैयायिक उदयनाचार्यांचे म्हणणे अधिक उपयोगी पडते: शंकेची सीमा व्याघात, म्हणजे स्वतःच्याच कृतीशी होणारा विरोध, ही आहे. जो जेवायला बसतो त्याला अन्नाने भूक भागते की नाही ही शंका खरोखर नसते. यावर वेदान्ती श्रीहर्षांनी हल्ला चढवला आणि तो हल्ला तर्काच्या दृष्टीने निर्बल नाही; पण उदयनांचे सूत्र उलट बाजूनेही लावता येते. ज्याला टायरची शंका आहे असे तो म्हणतो, आणि तरी काट्यावर न जाता किल्ली फिरवतो, त्याची शंका खरी नव्हती किंवा त्याची कृती विवेकाची नव्हती.

स्वतः तपासता येत नाही तिथे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते, आणि शब्द हे प्रमाण कधी होते याचे उत्तर न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनांनी दिले आहे. ज्याने ती गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, अशी पुस्ती ते जोडतात. अमेरिकेतील कॅम्परवाले स्वस्त आयात टायरांना ‘चायना बॉम्ब’ म्हणतात. वात्स्यायनांच्या निकषावर ही निव्वळ कुळाची चौकशी ठरते. खरा प्रश्न जाणणे आणि तसेच सांगणे हा आहे. डॉट ही मोहोर पुष्कळांना सरकारी परीक्षेचा शिक्का वाटते, पण अमेरिकेत ती कारखानदाराने स्वतःच दिलेली ग्वाही असते. २००० मध्ये फायरस्टोनचे सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले, त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि पुढे मोटारींच्या व हलक्या ट्रकांच्या टायरांच्या कसोट्या कडक झाल्या; ट्रेलरचे एसटी टायर मात्र त्या नव्या मानकातून वगळले गेले आणि जुन्याच कसोट्यांखाली राहिले. म्हणजे ग्वाही देणाऱ्याने काय तपासले याची पातळीच इथे खालची आहे.

सांगण्याच्या इच्छेचे उदाहरण याहून बोलके आहे, जरी ते ओढल्या जाणाऱ्या कॅम्परचे नसून स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या मोटरहोमचे आहे. २००३ मध्ये एका कुटुंबाचे मोटरहोम रस्ता सोडून उलटले आणि त्यांनी गुडइयरच्या जी१५९ टायरविरुद्ध दावा लावला. अंतर्गत चाचण्यांचे निकाल वारंवार मागूनही पूर्ण मिळाले नाहीत, आणि दावा तडजोडीने मिटल्यानंतर, महामार्गाच्या वेगाला हा टायर असाधारण तापतो असे दाखवणाऱ्या चाचण्या कंपनीने दुसऱ्या खटल्यात उघड केल्याचे वृत्तपत्रातून कळले. खालच्या न्यायालयाने वाईट हेतूचा ठपका ठेवून २७ लाख डॉलर द्यायला लावले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गैरवर्तनामुळे जेवढा खर्च पडला तेवढाच वसूल करता येतो असे सांगून तो आकडा पुन्हा मोजायला परत पाठवला. या टायरांची परतीची घोषणा झाली ती २०२२ मध्ये, त्यांचे उत्पादन संपल्याला दोन दशके होत आली तेव्हा. जाणणारा आणि सांगणारा एकच असूनही तो आप्त नसू शकतो, हे प्रमाणशास्त्राच्या ग्रंथांना ठाऊक होतेच. मात्र न सांगण्याला न्यायालयीन गोपनीयतेची साथ मिळू शकते, याची कल्पना त्यांना असण्याचे कारण नव्हते.

एवढे सगळे केल्यावरही टायर फुटतो तेव्हा दैवाचे नाव घेतले जाते, आणि ते निखालस चूक म्हणता येत नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवे दैव. या यादीत दैवाला जागा आहे, पण ती पाचवी आहे, आणि उरलेल्या चारांची जबाबदारी त्याच्या अंगावर टाकण्याची सोय गीतेने ठेवलेली नाही. अमेरिकेतील हिंदू देवळांच्या आवारात नव्या गाडीची पूजा करून चाकाखाली लिंबू ठेवणारी मराठी कुटुंबे आणि आरशाला संत ख्रिस्तोफरची पदके टांगणारे त्यांचे शेजारी या पाचव्या कारणाला वंदन करत असतात, आणि त्यात आक्षेपार्ह काही नाही. आक्षेप घ्यायचा तो क्लिफर्ड यांच्या जहाजमालकासारखे पाचव्याचे नाव घेऊन तिसऱ्याकडे डोळेझाक करण्यावर. दाब मोजल्यानंतर केलेली प्रार्थना आणि दाब मोजायचा राहून गेला म्हणून केलेली प्रार्थना, यांचे शब्द एक असले तरी धार्मिक मोल एक नाही.

दैवाचा प्रश्न इथे सुटत नाही, तो नीतीकडे सरकतो. अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये ‘नैतिक नशीब’ या कल्पनेची चर्चा करताना ब्रेक वेळेवर न तपासलेल्या ट्रकचालकाचे उदाहरण घेतले: रस्त्यात मूल आडवे आले तर तो आयुष्यभर स्वतःला दोषी धरतो, आणि आले नाही तर तेवढीच हयगय करूनही त्याला कोणी बोल लावत नाही. क्लिफर्ड यांना हा फरक अन्याय्य वाटला असता, आणि तर्काने ते बरोबरच आहेत. परंतु कुठल्याही समाजाने हयगयीचे मोजमाप परिणामाशिवाय करून दाखवलेले नाही, आणि विमा कंपन्यांनी तर नाहीच. जेम्स यांनी दिलेला श्रद्धेचा हक्क या ठिकाणी सर्वांत तोकडा पडतो, कारण तो हक्क श्रद्धा ठेवणाऱ्याने स्वतःच्या जोखमीवर वापरायचा आहे. चौदा हजार पौंडांच्या घरामागे शंभर फुटांवर छोट्या मोटारीतून येणाऱ्या माणसाने त्या टायरवर कधी विश्वास ठेवलेला नसतो, त्याचा डॉट क्रमांक पाहिलेला नसतो, एल्कहार्टच्या कारखानदाराशी किंवा ट्रकच्या मालकाशी त्याचा करार नसतो; तरी तुटलेली रबराची पट्टी त्याच्या काचेकडे येते. टायर विकणाऱ्याला, घर बांधणाऱ्याला आणि ओढणाऱ्याला आपापल्या वाट्याचा विश्वास निवडता आला होता. या चौथ्या माणसाला ती निवड कोणी दिलेली नव्हती, आणि म्हणून कारणदोष शोधण्याचे ओझे बाकीच्या तिघांपैकी कोणालाही दुसऱ्यावर ढकलून देता येत नाही.